नव्वद दिवसांचा नियम

सातारा
सोमवार, ६ जानेवारी २०२५

आत्या,

जय जिनेंद्र. नव्या वर्षाची पहिली यादी सोबत जोडली आहे. ग्रुपवर ती सकाळी आठ वाजता टाकली. तुझ्यासाठी वेगळी, मोठ्या अक्षरांत छापली. मोबाइलवरची अक्षरं तुला मुंग्यांसारखी चालताना दिसतात, म्हणून.

तू फोन उचलत नाहीस. सम्मेद म्हणाला, "आई कुणाचाच उचलत न्हाई, तुझा एकटीचा न्हाई." तुझा मुलगा खोटं बोलण्याआधी खोकतो, आणि तो खोकला होता. पण पत्र आलं की तू ते उघडतेस आणि वाचून कपाटात ठेवतेस, असंही तो म्हणाला. ते खोकल्याशिवाय.

यादीत कथा पाठवायच्या एकोणीस जागा आहेत. प्रवेशशुल्क मागणाऱ्या सहा स्पर्धा मी आधीच गाळल्या. उरलेल्यांत तुझ्याजोग्या तीन. कोल्हापूरच्या एका मंडळाची कथास्पर्धा आहे, अडीच हजार शब्द, विषय खुला. मुलांच्या एका मासिकाला खेड्यातल्या गोष्टी हव्या आहेत. ते उत्तर देतात, तिथे लिहिणाऱ्या तिघांना विचारून मी खात्री केली. तिसरी जागा कथा ऐकवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीची. त्यांना बोलीत सांगणारी माणसं हवी आहेत. त्याच कंपनीत एक नोकरीही निघाली आहे: आलेल्या कथा वाचायच्या, निवडायच्या, लेखकांशी पत्रव्यवहार करायचा. ती तुझ्यासाठी नाही. नोंद म्हणून लिहिली.

यादी सुरू झाली तेव्हा ती एकाच माणसासाठी होती. २०२१ साली तू शेंगा फोडता फोडता मला विचारलंस, "हे लिवलेलं पाठवायचं कुठं असतंय गं?" मला माहीत नव्हतं. थर्मामीटर खरं सांगतो की नाही हे तपासायचं माझं काम. कथा कुठे पाठवतात हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. म्हणून शोधलं. आता ग्रुपमध्ये आठशे चाळीस जण आहेत. दिवाळी अंक कधी कथा मागवतात, कोण मानधन देतं, कोण नुसताच अंक देतं, हे ते मला विचारतात.

कोरेगावला एकाहत्तर दिवस झाले. त्याबद्दल मी या पत्रात लिहिणार नाही.

इथे सकाळी दहापर्यंत अजिंक्यतारा अर्धाच असतो. खालचा अर्धा. वरचा धुक्यात कुठेतरी ठेवून दिलेला.

रूपाली


सातारा
रविवार, २ फेब्रुवारी

आत्या,

तुझं उत्तर आलं नाही. मीही उत्तर मागितलं नव्हतं, त्यामुळे ही तक्रार नाही.

एक महत्त्वाची जागा निघाली आहे, म्हणून सोमवारची वाट न पाहता लिहिते. पुण्याचे एक प्रकाशक पहिलं पुस्तक काढण्याची योजना करत आहेत. वयाची चाळिशी ओलांडलेल्या, एकही पुस्तक नसलेल्या लेखकांसाठी. बारा कथा हव्यात. कमी चालणार नाहीत, मी फोन करून विचारलं. छापण्याचा खर्च त्यांचा. हस्तलिखित ३० एप्रिलपर्यंत टपालाने त्यांच्या हातात पडायला हवं. अशा अटीची योजना मी चार वर्षांत पहिल्यांदा पाहते आहे.

तुझ्या कथा मी मोजल्या. बरोबर बारा आहेत. पाळीच्या पाण्याबरोबर चंद्र सोडणाऱ्या पाटकऱ्याची आहे, स्वतःची सावली बाजारला पाठवणाऱ्या बाईची आहे, आणि हळद साठवायच्या पेवाची आहे. पेवाची सगळ्यांत चांगली. हे मी आधी कधी सांगितलं नाही, कारण मला चांगलं-वाईट कळतं असा माझा दावा नाही. पण ती टाइप करताना माझे हात गार पडले होते, आणि खोलीचं तापमान तेव्हा एकतीस होतं.

आता अट. आधी छापलेल्या कथेला त्या त्या संपादकाचं नाहरकत पत्र लागतं. पेवाची कथा वडूजच्या अंकात आली आहे, म्हणजे हंबीररावांचं पत्र लागेल. पुण्याच्या अंकाच्या संपादकांनी ईमेलवर लगेच "आमची हरकत नाही" असं कळवलं. हंबीररावांना ईमेल नाही.

कोरेगावला त्यांचा थोडा गैरसमज झाला होता. तो दूर करता येईल.

मला स्वप्नं पडत नाहीत असं मी सांगत असते. ते बरोबर नाही. परवा पहाटे तुझ्याच कथेतलं हरिपूर दिसलं. हळदीचं पेव उघडलेलं, जमिनीत खोल, रांजणासारखं. खाली हवा आहे का बघायला आधी कंदील सोडला, तो विझला नाही. मग दोराने तुला सोडलं. तुझ्या कथेतल्या बाईला खाली आधी उतरलेल्या सगळ्या माणसांचे आवाज सापडतात, वाळलेल्या हळकुंडांसारखे, आणि ती एक आवाज पदरात बांधून वर आणते. स्वप्नात दोर माझ्या हातात होता. मी वर ओढत राहिले. दोर येतच राहिला, पिवळा, सुका, हलका, अंगणभर साचला. तू आली नाहीस.

एवढंच.

रूपाली


सातारा
रविवार, २३ फेब्रुवारी

आत्या,

मागच्या पत्रात मी "गैरसमज" लिहिलं. तो शब्द चुकीचा होता. यंत्र चुकीचं दाखवत असेल तर आम्ही त्याच्यावर लाल चिठ्ठी लावतो आणि वापरातून काढतो. तसा तो शब्द काढते.

झालं ते असं. पेवाची कथा मी वडूजला ५ मे रोजी पाठवली. पाकिटावर पत्ता तुझ्या गावचा आणि ईमेल माझा. नव्वद दिवस मी ईमेल पाहत राहिले. नव्वद दिवसांत उत्तर नाही म्हणजे नकार, हा नियम मी यादीच्या सुरुवातीलाच लिहून ठेवला आहे. तो कुठल्या संपादकाने केलेला नाही. मी केलेला आहे. ३ ऑगस्टला नव्वद दिवस झाले. दुसऱ्या दिवशी तुला फोन केला, "वडूजचं काही आलं नाही, पुण्याला पाठवू का?" तू म्हणालीस, "पाठीव." तुला नियम माहीत नव्हते, त्यामुळे ते विचारणं मी धरत नाही.

पुण्याच्या अंकाला हमीपत्र हवं होतं: ही कथा माझी आहे, अन्यत्र पाठवलेली नाही. तू गावी, मी इथे, मुदत दुसऱ्या दिवशीची. तुझी सही मी केली. 'गुणमाला'मधला मा तू लांब ओढतेस, तो मला जमतो.

१७ ऑक्टोबरला सम्मेदने सांगितलं, वडूजच्या अंकाचा समारंभ कोरेगावला आहे, आईला कथा वाचायला बोलावलंय. तेव्हा मला कळलं की कथा दोन्हीकडे गेली. पुण्याचा अंक तोपर्यंत छापून झाला होता. हंबीररावांना फोन करायला माझ्याकडे दहा दिवस होते. मी केला नाही. कोरेगावात पुण्याचा अंक कुणी वाचत नसेल, असं मी धरून चालले.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी ते कागदावर आणलेलं नाही, म्हणून आणते. मंगल कार्यालयात दोनशे माणसं होती. तू नवं इरकली लुगडं नेसली होतीस. हंबीरराव "आपल्या अंकाची पहिली कथा" म्हणाले, आणि तिसऱ्या रांगेतला एक माणूस अंक हातात धरून उठला, "सर, ही तर हितं बी छापून आलीया. चार दिस झालं." लोक हसले. हंबीररावांनी दोन्ही अंक शेजारी धरून पाहिले. "बाई, हे काय वं?" तू म्हणालीस, "चूक माझी हाय." ते म्हणाले, "आमच्या अंकाला उष्टं चालत न्हाई."

तू खुर्च्यांमधून चालत बाहेर गेलीस. मी पाचव्या रांगेत तुझी पिशवी धरून उभी होते. मी काहीच बोलले नाही.

बसमध्ये बोलले. तू खिडकीबाहेर बघत होतीस आणि मी म्हणाले, "नियमाने नव्वद दिवस होऊन गेले होते." त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. ते योग्यच आहे.

तिथे उभं राहून मी एक वाक्य म्हणायला हवं होतं. "सही माझी आहे." तीन शब्दांचं.

रूपाली


सातारा
रविवार, १६ मार्च

आत्या,

काल वडूजला जाऊन आले. न सांगता गेले, कारण सांगितलं असतं तर तू सम्मेदकरवी नको म्हणाली असतीस.

कोरेगाव सोडल्यावर हिरवं संपत जातं. पुढे ज्वारी काढून मोकळी झालेली रानं, उन्हात पांढरी. रस्ता दूरवर पाण्यासारखा हलताना दिसतो आणि जवळ जावं तसा पुढे सरकतो. मी घड्याळ बघितलं तेव्हा वीस मिनिटं झाली होती. माझ्या हिशेबाने पाच.

हंबीरराव सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, बावीस वर्षं अंक काढतात. मुलाच्या पाइप-मोटारींच्या दुकानामागे त्यांची खोली आहे. एका भिंतीला पीव्हीसीचे पाइप, दुसऱ्या भिंतीला दिवाळी अंक. मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "तुमी कोण त्यांच्या?"

"भाची."

"लिवता का?"

"नाही. पाठवते."

"म्हंजे लिवणार एक नि पाठवणार एक!" ते हसले. "आमच्या पलटणीत असंच हुतं. तोफ एक जण भरायचा, दुसरा उडवायचा. कान मात्र दोघांचंबी जायचं."

मी सगळं सांगितलं. तारखांसह. नव्वद दिवसांचा नियम त्यांनी मला परत एकदा सांगायला लावला.

"पोरी, कथा म्हंजे काय दूध हाय व्हय, नासायला? मी आषाढात वाचायला बसतो. आन घेतली की कार्ड टाकतो. त्यांना बी टाकलंवतं."

"मिळालं नाही."

"मग न्हाई मिळालं," ते म्हणाले, आणि विषय सोडला. मग म्हणाले, "ती सही तुमची?"

"माझी."

"दोनशे माणसांत मी त्या बाईला उष्टं म्हणालो. घरी आलो, मालकीण म्हणली, बाईमाणसाला असं बोलत्यात व्हय? सणभर नीट जेवली न्हाई माझ्यासंगं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "तुमी हितं माझ्या खोलीत येऊन सांगितलंत, ब्येस झालं. पण झालंय ते चारचौघांत. चारचौघांत सांगा. त्याच दिवशी कागद देतो."

"कुठे सांगू?"

"तुमची ती यादी हाय न्हवं? आमच्या अंकात लिवणारं निम्मं तुमच्याच यादीवरनं येत्यात."

परतीच्या बसमध्ये मी मजकूर तयार केला. पाच ओळी झाल्या. पाठवला नाही. पुण्याच्या त्या कंपनीतली नोकरी मी नोंद म्हणून लिहिली होती. मी तिथे अर्ज केला आहे. दोनदा बोलावलं, आता फक्त पत्र यायचं आहे. त्यांनी मला यादीमुळेच बोलावलं.

हे तुला का सांगते आहे, कळत नाही. पंधरा दिवस दे.

रूपाली


सातारा
सोमवार, ३१ मार्च

आत्या,

आज सकाळी आठच्या यादीत सगळ्यांत वर हा मजकूर टाकला. तुझ्यासाठी जसाच्या तसा लिहिते.

"गेल्या दिवाळीत गुणमाला यांची एकच कथा दोन अंकांत छापून आली. ती दुसरीकडे मी पाठवली. हमीपत्रावरची सही त्यांची नाही, मी केली. पहिल्या संपादकांचं पत्र मिळालं नव्हतं, तरी त्यांना एक फोन करणं माझं काम होतं. मी केलं नाही. लेखिकेला यातल्या कशाचीही कल्पना नव्हती. कोरेगावच्या समारंभात दोष त्यांनी स्वतःवर घेतला तेव्हा मी तिथे होते आणि गप्प राहिले. नव्वद दिवसांचा नियम यादीतून काढला आहे."

दहापर्यंत एकही शब्द आला नाही. प्रयोगशाळेत मी बर्फाच्या भांड्यात थर्मामीटर ठेवून बसले होते. बर्फ आणि पाणी एकत्र असतं तोवर पारा शून्यावर थांबतो, कितीही वेळ. त्याच्याकडे बघत राहिलं की वाटतं सगळीकडेच काही हलत नाही.

मग फोन थरथरायला लागला. एकाने विचारलं, "ताई, आमच्या हमीपत्रांवर पण तुम्हीच सह्या करता काय?" एकीने लिहिलं, "तुमच्यावर विसंबून मी माझी पहिली कथा पाठवली." तिने पुढे काही लिहिलं नाही, ग्रुप सोडला. संध्याकाळपर्यंत एकशे त्रेसष्ट गेले. चारच्या सुमारास कंपनीचा फोन आला. बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, लेखकांच्या विश्वासाचा प्रश्न आहे, तुम्ही समजू शकाल. मी समजू शकते, असं सांगितलं. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

हंबीररावांनी शब्द पाळला. नाहरकत पत्राचा फोटो मुलाच्या फोनवरून आला, मूळ कागद टपालात आहे. अक्षर ठळक, ओळी सरळ, खाली शिक्का.

आता सगळे कागद आहेत. फक्त तू नाहीस.

रूपाली


सातारा
शुक्रवार, १८ एप्रिल

आत्या,

बारा दिवस उरले.

सम्मेद म्हणतो, हळद शिजवून वाळत टाकली आहे, तू दिवसभर खळ्यावर फिरत असतेस, कुणी बोललं तर हूं म्हणतेस. महावीर जयंतीच्या मिरवणुकीला आलीस, पण मधूनच घरी गेलीस. मजकूर त्याने तुला वाचून दाखवला. "ऐकलं आन उठून ग्येली. लय येळ कपाटापशी हुब्बी हुती. रूपे, तू आईला परत कायतरी लागंल असं लिवलंयस का?" मी म्हणाले, नाही. मी तर उलट लिहिलं.

डोळे मिटले की मला ते खळं दिसतं. पिवळं अंगण, पिवळी धूळ, तुझे पाय घोट्यापर्यंत पिवळे. तू त्यातून चालतेस आणि पाऊल उमटत नाही.

प्रकाशकांचं कोरं हमीपत्र सोबत आहे. या वेळी मी सही करणार नाही. तू केली नाहीस तर तारीख निघून जाईल, आणि मी ती जाऊ देईन. पुस्तक व्हावं असं मला फार वाटतं. इतकं मला कशाचंच वाटलेलं नाही. तरीही.

तुझी
रूपाली


सातारा
मंगळवार, २९ एप्रिल

आत्या,

तू काल दुपारच्या बसने गेलीस. तू आली होतीस हे मला अजून पुरतं पटत नाही, म्हणून क्रमाने लिहून काढते. काही चुकलं असेल तर कळव.

शनिवारी साडेअकराला वॉचमनने आत फोन केला. "मॅडम, एक मावशी आल्यात. म्हणत्यात, भाचीला भेटायचंय, ती काचंच्या नळ्या बघती."

तू गेटजवळ कडुलिंबाखाली उभी होतीस. कऱ्हाडला बस बदलून एकटी आलेली. हातात तीच पिशवी. मी समोर आले तरी तू हलली नाहीस, आणि मला वाटलं की मी अजून एक पाऊल टाकलं तर तिथे नुसतं झाड उरेल. मी ते पाऊल टाकलं.

"लय हडकलीस गं," तू म्हणालीस. सहा महिन्यांतलं पहिलं वाक्य.

आपण पायऱ्यांवर बसलो. तू पाणी प्यायलीस, बाटलीचं झाकण नीट लावलंस.

"तू यादीत लिवलंस ते सम्मेदनं वाचून दावलं. मग मी त्येच्याकडनं कागदावर घेतलं, आनि मीच वाचलं. दोनदा. त्यात एक खोटं हाय."

"कुठलं?"

"मला कल्पना न्हवती म्हनून लिवलंयस."

तू पिशवीतून एक पोस्टकार्ड काढलंस. मऊ झालेलं, कडांना पिवळं. ठळक अक्षर, सरळ ओळी. "कथा आवडली. पहिल्या पानावर घेत आहे. कळावे. हंबीरराव." तारीख २२ जुलै २०२४.

"हे कधी आलं?"

"पंचमीच्या आदी. तू फोन केलास न्हवं, पुन्याला पाठवू का म्हनून? तवा माझ्या कमरंला हुतं. खोचलेलं."

मी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. पोस्टाचा शिक्का स्पष्ट होता. मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"मला दोनी पायजे हुतं."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो पूर्ण जाईपर्यंत तू थांबलीस.

"पंचावन्न वर्सांत मला कुनी म्हटलं न्हवतं, की तुझं हे आमाला पायजे. एकानं म्हटलं. धा दिस मी ते कार्ड घिऊन फिरले. भाकरी थापताना, रानात. मग तू म्हनालीस, पुन्याला पाठवू का. म्हटलं बघू की, आनि कोन म्हनतंय का. मला काय ठावं, दोघंबी म्हनतील." तू हसलीस, आणि मग हसली नाहीस. "कोरेगावात म्हटलं ती चूक माझी, ते तुला वाचवायला न्हवं, बाई. ते खरंच हुतं."

"आणि बसमध्ये?"

"बशीत तू नव्वद दिस म्हनालीस. मला वाटलं, हिला समदं कळलंय. ही मोजून दावतीया. मग तुझी पत्रं यायला लागली. दर पत्रात तू आपली तुझंच पाप काढायलीस. मी आपली वाचायची आनि कार्डाशेजारी ठिवायची. आता तर तू जगाला सांगून नोकरी घालवून बसलीस. मग म्हटलं, गुणमाला, ऊठ."

मी उठले. आत जाऊन नोंदवहीत बाराचं तापमान लिहून आले. तेवीस पूर्णांक एक.

परत आले तेव्हा तू पदर सारखा करून बसली होतीस, सभेला बसतात तशी.

"सोमवारी यादीत लिव. गुणमालाला म्हाईत हुतं."

"हंबीरराव नाहरकत परत घेतील."

"घिऊ दे. ती कथाच काढ."

"आत्या, ती सगळ्यांत चांगली आहे."

"म्हनून तर." तू म्हणालीस. "ती आता धुऊन निघायची न्हाई. काढ."

"अकराच राहतात. बारा लागतात. बुधवारी पुण्यात पोचायला हवं, म्हणजे सोमवारी पोस्टात."

"आज वार कोनचा?"

"शनिवार."

"मग हाय की उद्याचा दिस," तू म्हणालीस.

सोमवारचं आधी लिहिते. यादीत तुझ्या नावाने तीन ओळी टाकल्या, तू सांगितल्या तशा, मी एक शब्द बदलला नाही. त्यावर आणखी चाळीस जण गेले आणि सात जण परत आले. त्याचं कारण मला सापडलेलं नाही. हंबीररावांना माझ्या फोनवरून तू स्वतः सांगितलंस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं." त्या "बरं"चा अर्थ मला लावता आला नाही. तू मात्र फोन ठेवून पदराआड हसलीस. पोस्टात खिडकीशी उभं राहून तू हमीपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंस, मागे रांग खोळंबली होती, आणि मग सही केलीस. मा मी काढते तेवढा लांब तू ओढत नाहीस. पाकीट आज सकाळी अकराला पुण्यात पोचलं. निकाल ऑगस्टमध्ये. तो काय लागेल हे मला सांगता येत नाही, आणि सांगायचा मी प्रयत्न करणार नाही.

आता रविवार.

तू सकाळी अंघोळ करून खिडकीत बसलीस. वही घेतली नाहीस. म्हणालीस, "मी सांगते, तू बडव." उन्हाने डोंगराच्या कडा पुसट झाल्या होत्या, खालून रिक्षांचे आवाज येत होते आणि मग येईनासे झाले, की मला ऐकू येईनासे झाले. तू डोळे मिटलेस. मी दोन्ही हात कळांवर ठेवून थांबले. वेळ पाहिली नाही.

मग तू तुझ्या गोष्टीच्या आवाजात, जो रोजच्या आवाजापेक्षा थोडा खालून येतो, पहिलं वाक्य सांगितलंस.

"एका बाईनं सोताच्याच नावाचं पत्र चोरलं."

माझी बोटं थांबली. तू डोळे उघडले नाहीस.

"लिव," तू म्हणालीस. "थांबू नगंस. तिला अजून कुनी धरलेलं न्हाई."

तुझी
रूपाली